देवासाठी गोळी चालते, दुखण्यासाठी का नाही?

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मालवणच्या बाजारातल्या एखाद्या मेडिकलसमोर थोडा वेळ उभे राहून पाहा. बाया येतात, काउंटरवर जरा पुढे वाकतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, 'पुढे ढकलायच्या गोळ्या द्या.' काय पुढे ढकलायचे, हे कुणाला विचारावे लागत नाही. डॉक्टरची चिठ्ठी सहसा कुणी मागत नाही. रक्तदाब आहे का, कावीळ झाली होती का, अंगावर पाजते का, काही नाही. कधी सासूच सुनेसाठी पाकीट घेऊन जाते, कधी नवरा गाडी लावून येतो. आंगणेवाडीला भराडी देवीच्या जत्रेआधीही हेच. घरात देव बसणार आणि बाई 'भायर' बसणार, हे कसे चालेल? म्हणून गोळी.

या गोळीत बहुतेक वेळा असते नॉरएथिस्टेरॉन. बाईच्या शरीरात तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे हे कृत्रिम हार्मोन आहे. आपल्या घरात हार्मोन कधीच येऊन बसले आहे. देवघराच्या वाटेने आले, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

आता दुसरी गोष्ट. किनारपट्टीवरच्या एका गावातली मुलगी, वय बावीस. तिचे नाव सांगत नाही. आई मासे विकते, मुलगी काजूच्या कारखान्यात गर सोलायला जाते. मजुरी किलोवर, म्हणजे जितके सोलाल तितके पैसे. सोळाव्या वर्षापासून दर महिन्याला चार दिवस ती अंथरुणाला खिळते. ओटीपोटात, कंबरेत कळा, उलट्या, शौचाला बसले की आतून सुरी फिरल्यासारखे. आई म्हणायची, 'बायलमाणसाक ह्या सोसूचाच लागता.' शेजारीण म्हणायची, 'लगीन झाला काय सगळा बरा होतला.' देवाला गाऱ्हाणे घातले, अंगारा लावला, सलाईन चढवले. सहा वर्षांनंतर एका स्त्रीरोगतज्ज्ञाने पहिल्यांदा दुखण्याचे नाव घेतले, एंडोमेट्रिओसिस. चिठ्ठीवर लिहिले: नॉरएथिस्टेरॉन, रोज, सहा महिने, मग परत दाखवा.

ती चिठ्ठी घेऊन मायलेकी माझ्याकडे आल्या. 'हार्मोन' या शब्दाने आई हादरली होती. लग्नाची पोर, उद्या मूल झाले नाही तर? मुलगी एवढेच म्हणाली, 'ताई, माका कामार जावक व्हया, बस.' आणि मी, समाजकार्याची पदवी घेतलेली, संघटनेत काम करणारी, काय म्हणाले? 'हार्मोनच्या भानगडीत इतक्यात नको, आधी दुसरे काही बघू.'

त्या 'दुसऱ्या काही'त नऊ महिने गेले. नऊ महिन्यांत तिचे छत्तीस दिवस गेले, त्या दिवसांची मजुरी गेली. आणि फार उशिरा मला कळले की त्याच आईने, त्याच मुलीला, आदल्या चतुर्थीला तीच गोळी स्वतःच्या हाताने दिली होती.

मैत्रिणींनो, पाच दिवस गोळी घेणे आणि सहा महिने घेणे यात फरक आहे. सहा महिने घ्यायची तर तपासणी हवी, देखरेख हवी. हे खरेच. पण आईला भीती वाटली ती महिने मोजून नाही. चतुर्थीची गोळी घरासाठी होती, ही गोळी मुलीच्या स्वतःसाठी होती. घराच्या सोवळ्यासाठी बाईचे शरीर कसेही वळवता येते. तिच्या वेदनेसाठी त्याला हात लावायचा म्हटले की सगळ्यांना धोके आठवतात.

आधी हा आजार काय आहे ते स्वच्छ सांगायला हवे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर, बीजांडकोशावर, ओटीपोटाच्या आवरणावर, आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या आसपास वाढतात. पाळीच्या चक्राबरोबर त्याही चेततात. तिथे सूज येते, व्रण होतात, अवयव एकमेकांना चिकटतात. म्हणून पाळीत असह्य दुखते, संबंधाच्या वेळी, शौचाच्या किंवा लघवीच्या वेळी दुखते. काहींना मूल राहायला अडचण येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के बायकामुलींना, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी जणींना हा आजार आहे. निदान व्हायला कित्येक वर्षे लागतात. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे आजार नाही, असे होत नाही. पोटात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय उपचारच नाहीत, हेही आता जुने झाले. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत लक्षणांवरून उपचार सुरू करता येतात असे स्पष्ट म्हटले आहे.

मग मी त्या दिवशी 'नको' का म्हणाले? कारण 'हार्मोन' हा शब्द मला चळवळीकडून मिळाला आणि तो भीतीसकट मिळाला. आंध्रातल्या पटनचेरूला १९८५ साली नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी घेतली, तेव्हा बायांना ही चाचणी आहे हेच धड सांगितले नव्हते. १९८६ साली हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि दिल्लीची सहेली यांनी इतरांबरोबर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९९३ साली डेपो-प्रोव्हेराला बाजारात परवानगी मिळाली, तेव्हाही आपल्या संघटना रस्त्यावर आल्या. मी तेव्हा फार तर पाळण्यात असेन. पण थोरल्या मैत्रिणींच्या तोंडून, शिबिरांतून, जुन्या पोस्टरांतून ही लढाई माझ्यापर्यंत आली. तिचा मला अभिमान आहे. त्या चुकल्या नव्हत्या. डेपोने हाडांची घनता कमी होते, असा ठळक इशारा २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाकिटावर छापायला लावला. हे इंजेक्शन दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणातल्या गाठींचा धोका वाढतो, असे २०२४ साली फ्रान्समधल्या अभ्यासातून पुढे आले.

पण ती लढाई कशाविरुद्ध होती, हे आपण विसरत चाललो आहोत. बाईला न सांगता, न तपासता, नंतर न विचारता, लोकसंख्या कमी करण्यासाठी तिच्या शरीरात औषध घालण्याविरुद्ध ती होती. माहिती द्या, संमती घ्या, पाठपुरावा करा, 'नको' म्हणायचा हक्क द्या, या आपल्या मागण्या होत्या. त्यांतून आम्ही तरुण कार्यकर्त्यांनी फक्त 'नको' तेवढे उचलले आणि दुखणाऱ्या मुलीच्या हातात ठेवले. तिला न विचारता डॉक्टरने 'घे' म्हणणे आणि तिला न विचारता मी 'घेऊ नको' म्हणणे, यात काय फरक राहिला?

म्हणून पर्याय कोणते, ते आपल्याला पाठ हवेत. आशाला, अंगणवाडी सेविकेला, बचतगटाच्या अध्यक्षेला सांगता येतील इतके पाठ.

पहिला पर्याय, दोन हार्मोनांची मिश्र गोळी, म्हणजे एरवीची गर्भनिरोधक गोळी. सरकारी माला-एन ही याच जातीची. डॉक्टरच्या सल्ल्याने मध्ये खंड न पाडता घेतली तर पाळीच येत नाही, म्हणून पाळीतले दुखणेही टळते. ही सर्वांत स्वस्त. पण रक्तदाब जास्त असेल, रक्तात गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल, स्तनाचा कर्करोग झाला असेल किंवा पस्तिशीपुढची बाई तंबाखू ओढत असेल, तर ही नको.

दुसरा, एकाच हार्मोनच्या गोळ्या: नॉरएथिस्टेरॉन किंवा डायनोजेस्ट. मिश्र गोळी चालत नाही अशा बऱ्याच जणींना या चालतात. पण अधूनमधून डाग पडतात, स्तन दुखतात, मन उदास होते, वजन वाढू शकते. डायनोजेस्ट रोज एक, पण वर्षभराचा खर्च मजुरी करणाऱ्या बाईला जड जातो. आणि गर्भनिरोधक म्हणून तिच्यावर भिस्त ठेवायची नसते, हे आधी सांगायला हवे.

तिसरा, तीन महिन्यांचे इंजेक्शन. तेच मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, तेच डेपो. याचे त्वचेखाली देण्याचे रूप अमेरिकेत एंडोमेट्रिओसिसच्या वेदनेसाठी मान्य आहे. एकदा टोचले की काढून घेता येत नाही. बंद केल्यावर दिवस जायला कित्येक महिने लागू शकतात. हाडांचे वर आलेच.

चौथा, हार्मोन सोडणारी तांबी. खरे तर तिच्यात तांबे नसते, लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. गर्भाशयात बसवली की निदान पाच वर्षे काम करते. बसवताना दुखते, सुरुवातीचे काही महिने डाग पडतात. नको झाली तर काढता येते.

पाचवा, ल्यूप्रोलाइडसारखी इंजेक्शने. यांनी बीजांडकोशांचे काम थांबते, म्हणजे तात्पुरती रजोनिवृत्तीच. अंगातून वाफा निघतात, झोप जाते, हाडे झिजतात. हाडे सांभाळायला थोडे हार्मोन वेगळे द्यावे लागते. एकेका इंजेक्शनला काही हजार रुपये पडतात. म्हणूनच हा पहिला पर्याय नाही, आधीचे लागू पडले नाहीत तर पुढे यायचा पर्याय आहे. डॅनाझोल नावाचे जुने औषध तर आवाज घोगरा होणे, चेहऱ्यावर केस येणे अशा परिणामांमुळे मागे पडले आहे. कुणी ते लिहून दिले तर का, हे विचारा.

आणि या सगळ्यांना लागू असलेल्या दोन गोष्टी. यांतले कोणतेही औषध आजार मुळासकट काढत नाही, दाबून ठेवते. बंद केल्यावर दुखणे परतू शकते. दुसरे, यांनी मूल राहायला मदत होत नाही. उलट ती घेत असताना सहसा दिवस जात नाहीत. मूल हवे असलेल्या बाईचा मार्ग वेगळा, तिला महिनोन् महिने ही औषधे देत राहणे म्हणजे तिची वर्षे फुकट घालवणे. मात्र गोळ्या सोडल्यावर आयुष्यभराचे वांझपण येते, ही आईची भीती खरी नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हे पर्याय दुखणे कमी करण्यात एकमेकांच्या फार पुढे-मागे नाहीत. त्यांत निवड करायची ती दुष्परिणाम, किंमत, औषध मिळते का, आणि त्या बाईची स्वतःची इच्छा पाहून. हे मी चळवळीच्या व्यासपीठावरून बोलत नाही. वर सांगितलेल्या २०२२च्या वैद्यकीय सूचनाच हे म्हणतात. बऱ्याचशा आजारांत डॉक्टर म्हणू शकतो, 'हेच औषध लागू, तुला काय कळते?' इथे विज्ञानच सांगते की उरलेला निर्णय बाईचा आहे. डाग पडलेले चालतील की उदासी, रोजची गोळी लक्षात राहील की तांबी बरी, दोन वर्षांत मूल हवे आहे की कधीच नको, याचे उत्तर तिच्याखेरीज कुणाकडे आहे?

आणि नेमके तेच कुणी तिला विचारत नाही. तपासणीच्या टेबलावर पहिला प्रश्न येतो, 'लग्न झालेय का?' नाही म्हटले तर, 'मग करून टाका, मूल झाले की जाईल.' झाले असेल तर, 'मुले किती?' दोन म्हटली की, 'मग पिशवी कशाला ठेवायची?' बाईच्या दुखण्याचा उपचार तिच्या कुंकवावरून आणि तिच्या पोरांच्या संख्येवरून ठरतो. गरोदरपण हा या आजारावरचा उपचार नाही, निव्वळ त्यासाठी मूल होऊ द्या असा सल्ला देऊ नये, असे त्याच सूचनांत लिहिले आहे. तरी आमच्या वाड्यांवर अजून मुलींची लग्ने पोटदुखीवर लावली जातात. लग्नानंतर संबंधाच्या वेळी दुखते म्हणून ती मागे सरते, नवरा संशय घेतो, आणि आमच्याकडे कौटुंबिक छळाची तक्रार येते. त्या तक्रारीच्या मुळाशी कधी कधी हेच न नाव दिलेले दुखणे असते. आपण समुपदेशन करणाऱ्यांनी तरी हे कधी विचारले आहे?

सरकारकडे बघा. माला-एन मोफत आहे. डेपोचे इंजेक्शन २०१७ पासून 'अंतरा' नावाने सरकारी केंद्रांत मोफत आले. म्हणजे या आजारावर चालणारे दोन पर्याय सरकारने गावापर्यंत आधीच पोचवले आहेत. पण कुणासाठी? नोंदवहीचे नावच वाचा: 'पात्र जोडपी'. काजू सोलणारी बावीस वर्षांची अविवाहित मुलगी पात्रही नाही आणि जोडपेही नाही. तिने उपकेंद्रात जाऊन माला-एन मागितली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळेल आणि तिच्या आजाराची नाही, तिच्या चारित्र्याची चर्चा होईल. बायका जास्त जन्म देतात याची चिंता सरकारला आहे, म्हणून हार्मोन फुकट. बायका दुखण्याने लोळतात याची चिंता नाही, म्हणून तेच हार्मोन खाजगी दुकानातून विकत. आशाच्या पिशवीतली गोळी उचलून परस्पर खा, असे मी कुणालाही सांगत नाही. मी विचारते आहे की तपासणी करून, लिहून देऊन, हीच गोळी सरकारी दवाखान्यातून वेदनेसाठी का मिळू नये?

आपल्या जिल्ह्यात तज्ज्ञापर्यंत पोचणे हाच एक उपचाराएवढा खर्च असतो. मालवणहून ओरोस, नाही तर घाट चढून कोल्हापूर, नाही तर बांबोळी. गोव्याच्या सरकारने २०१८च्या जानेवारीपासून बांबोळीत बाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा सिंधुदुर्गात केवढा गहजब झाला ते आठवते ना? एकदा जायचे तर बाईबरोबर घरचे एक माणूस, दोघांची मजुरी, गाडीभाडे. म्हणून ती एकदाच जाते, चिठ्ठी आणते, आणि तीन महिन्यांनी परत दाखवायला जात नाही. दुष्परिणाम झाले की गोळी सोडते, आणि म्हणते, 'हार्मोन वायट.' वाईट हार्मोन की वाईट व्यवस्था?

या वाटेच्या शेवटी पिशवी काढणे उभेच असते. २०१९च्या जूनमध्ये विधान परिषदेत सरकारनेच सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांची गर्भाशये काढली गेली. त्यांत ऊसतोडणीला जाणाऱ्या किती तरी होत्या. पाळीमुळे मजुरी बुडू नये म्हणून अवयव काढायचा! बीड आपल्याकडून लांब आहे, पण मजुरी बुडण्याची भीती लांब नाही. आमच्या काजूच्या कारखान्यातही तिशीतल्या बाया 'एकदाची काढून टाकते' म्हणतात. एंडोमेट्रिओसिसमध्ये तर पिशवी काढूनही दुखणे राहू शकते, कारण आजार पिशवीबाहेर असतो. बरोबर बीजांडकोशही काढले तर हाडांवर आणि हृदयावर परिणाम होतात. काही जणींना ही शस्त्रक्रिया खरोखरच लागते. पण पाच पर्यायांची नावे न ऐकता टेबलावर गेलेल्या बाईने निवड केली, असे म्हणता येत नाही. अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. आपल्या तालुक्यात त्याचे काय झाले, हे विचारणे आपले काम आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, तू औषध कंपन्यांचा माल खपवतेस. नाही. एखादीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, 'मला हार्मोन नको, वेदनाशामक गोळ्या आणि शेक पुरे', तर मी तिच्या बाजूने उभी राहीन. घेण्याचा हक्क आणि नाकारण्याचा हक्क हा एकच हक्क आहे. तो माहितीवाचून दोन्हीकडून लुळा पडतो.

म्हणून प्रत्येक गटाने एवढे करावे. आपल्या बैठकीत तीन प्रश्न विचारायला सुरुवात करा: पाळीत काम किंवा शाळा बुडते का? शौचाच्या, लघवीच्या वेळी कळ येते का? संबंधाच्या वेळी दुखते का? 'हो' म्हणणारीला 'सोस' म्हणू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा आणि डॉक्टरला सगळे पर्याय, त्यांचे दुष्परिणाम आणि किंमत तिच्यासमोर मराठीत सांगायला लावा. तीन महिन्यांनी तिच्याकडे परत जा. ग्रामीण रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात निवेदन द्या, की ही औषधे वेदनेसाठी, लग्नाची अट न घालता मिळाली पाहिजेत. आणि चतुर्थीच्या आधी, मेडिकलच्या रांगेतल्या बाईशी बोला. तिला अडवू नका. फक्त विचारा, ही गोळी कुणासाठी घेतेस?

त्या मुलीचे सांगून थांबते. नऊ महिन्यांनी आम्ही तिघी परत डॉक्टरकडे गेलो. या वेळी सगळे पर्याय टेबलावर आले. तिने नॉरएथिस्टेरॉन घेतली. पहिले दोन महिने डाग पडले, चिडचीड इतकी की आईशी रोज भांडण. तिसऱ्या महिन्यात तिने स्वतः जाऊन सांगितले, 'ही नको, दुसरी द्या.' रक्तदाब तपासून मिश्र गोळी दिली गेली. अजून मधूनच दुखते. पण महिन्याला चार दिवसांऐवजी एखादा दिवस जातो. ती बरी झालेली नाही. तिने ठरवले, बदलले आणि उद्या सोडायची असेल तर तीच सोडेल. गेल्या चतुर्थीला आईने विचारले, या वेळी पुढे ढकलायची गोळी आणायची का? ती म्हणाली, 'माका गरज नाय. आणि असती तरी देवाक माजी पाळी इचारूची नाय.'